मटण-चिकन कमी करायचं तर प्रथिनांसाठी काय खावं? पनीर चालेल का?

आठवड्यातून तीन-चारदा होणारं मटण-चिकन पर्यावरणासाठी कमी करायचंय, पण प्रथिनं घटू द्यायची नाहीत, म्हणून पनीर वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. पनीर वाढवू नका.

पूर आणि नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ च्या जागतिक अभ्यासात १०० ग्रॅम प्रथिनांमागे सरासरी किती हरितगृह वायू सुटतात ते मांडलंय: मेंढीचं मटण २० किलो, चीज ११, चिकन ५.७, अंडी ४.२, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) २. पनीरही दुधाचंच, म्हणजे दुभत्या जनावराचा मिथेन त्याच्याही खात्यात जातो. मटणाऐवजी पनीर खाल्लं तर थोडा फायदा, चिकनऐवजी खाल्लं तर बहुधा तोटाच. म्हणून आधी मटण कमी करा. अंडी सगळ्यात शेवटी, किंवा राहू द्या.

वरण-आमटीवर मात्र भागत नाही. वाटीभर वरणात तूरडाळ जाते जेमतेम २५-३० ग्रॅम, त्यातून मिळतात सहा-सात ग्रॅम प्रथिनं. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात. ही तफावत स्वस्तात भरून काढतं सोयाबीन. सोया चंक्स म्हणजे तेल काढून उरलेलं सोयापीठ दाबाखाली शिजवून फुगवलेलं. कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५२ ग्रॅम प्रथिनं. बोनलेस कच्च्या चिकनच्या १०० ग्रॅमला ४०-४५ ग्रॅम कोरडे चंक्स पुरतात.

लोक चंक्सना नावं ठेवतात ती करायची पद्धत चुकते म्हणून. चौघांसाठी १६० ग्रॅम चंक्स मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळा. ते पाणी फेकून द्या. उग्र वास आणि पोटात गॅस करणाऱ्या शर्करा बऱ्याच त्यातच उतरतात. गार पाण्यात दोनदा धुवा आणि दर वेळी मूठभर घेऊन घट्ट पिळा. खरी मेख इथेच आहे. आत पाणी राहिलं की मसाल्याला शिरायला जागाच उरत नाही, मग रस्सा झणझणीत आणि चंक फिका. पिळल्यावर चार चमचे दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवा. चंक्समध्ये चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता, वाटणात सुकं खोबरं आणि खसखस सढळ हाताने घाला. तर्री त्यानेच येते. रश्श्यात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं बस. कुकरच्या तीन-चार शिट्ट्या केल्या तर लगदा होतो. खिम्यासाठी बारीक दाणे घ्या, तेही असेच पिळून. पोटाला सवय होईपर्यंत माणशी २५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका.

चंक्सचा कंटाळा आला की टेम्पे, म्हणजे बुरशीने आंबवून वडीसारखं बांधलेलं सोयाबीन. मूळ इंडोनेशियाचं, पण आपल्या हवेला अगदी सोयीचं. अर्धा किलो सोयाबीन रात्रभर भिजवून चोळून सालं काढा, पाऊण तास उकडा, शेवटी दोन चमचे व्हिनेगर घाला. निथळून फडक्यावर पसरा. दाणे वरून कोरडे आणि हाताला कोमट लागले की चमचाभर टेम्पेचं विरजण (रायझोपस बुरशीचं, ऑनलाइन मिळतं) नीट कालवा. सुईने भोकं पाडलेल्या पिशवीत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर करून ३० ते ३२ अंशांवर ठेवा. बारा तासांनंतर दाणे स्वतःच तापतात, तेव्हा हवेशीर जागी हलवा. विदर्भातल्या मे महिन्यात तर करूच नका. ३०-३६ तासांत पांढऱ्या जाळीने बांधलेली वडी तयार होते. भोकांपाशी काळे-करडे डाग आले तर चालतात. गुलाबी डाग, चिकटपणा किंवा अमोनियाचा वास आला तर सगळं टाकून द्या. दाणे ओले राहिल्यानेच बहुतेक वेळा असं होतं.

तयार 'प्लांट-बेस्ड' नगेट्सच्या वाटेला जाण्याआधी पाकिटामागची प्रथिनं आणि सोडियम वाचा. बरेचदा किंमत मसाल्याची आणि फ्रीजरची असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाला सिंगापूरने २०२० मध्येच परवानगी दिली, पण तुमच्या या महिन्याच्या किराण्याशी त्याचा संबंध नाही.

थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा, किती ते डॉक्टरांना विचारा. आणि मांसाबरोबर अंडी-दूधही सोडणार असाल तर बी-१२ ची गोळी लागेलच. टेम्पेतून ते मिळतं यावर विसंबू नका.