आईच्या घरात कॅमेरा बसवताना

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला आहे आणि माझी शहात्तर वर्षांची आई कऱ्हाडच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. सकाळी कामाच्या मावशी येतात आणि दोन तासांत जातात. गेल्या पावसाळ्यात आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि शेजाऱ्यांना ते कळेपर्यंत दुपार झाली. तेव्हापासून घरात एक कॅमेरा बसवावा असे मनात आहे. खर्चाची मर्यादा दोन-अडीच हजार रुपयांची आहे. जाहिरातींत टूके, ३६० अंश, माणूस ओळखणारी बुद्धिमत्ता असे बरेच काही लिहिलेले असते. धाकटा भाऊ म्हणतो की मेमरी कार्डापेक्षा क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, घे. तिकडे लाइटही वारंवार जाते. नेमके काय पाहून निवड करावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातला पडण्याचा प्रसंग हाच या निवडीचा पाया आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. या किमतीचे बहुतेक कॅमेरे समोरच्या चित्रात काही हलले की मोबाइलवर सूचना पाठवतात. माणूस पडून निपचित राहिला तर चित्रात काहीच हलत नाही, आणि नेमक्या त्या वेळी कॅमेरा गप्प राहतो. काही ॲपमध्ये पडणे ओळखण्याची सोय असल्याचे सांगितले जाते, परंतु आईंच्या जिवाचा भरवसा मी तिच्यावर ठेवणार नाही. याच सूचनांचा उलट उपयोग मात्र उत्तम होतो. आई रोज सहाच्या सुमारास चहा ठेवायला स्वयंपाकघरात जात असतील, तर सात वाजेपर्यंत तिथली सूचना आली नाही की आपण फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर कॅमेऱ्यातून पाहून शेजाऱ्यांना हाक मारायची. म्हणून कॅमेरा अशा जागी हवा, जिथून स्वयंपाकघराचे दार आणि बैठकीची खोली दोन्ही दिसतील. विकत घेण्याआधी ही जागा ठरवावी, कारण पुढचे सगळे हिशेब तिच्यावरून होतात.

चित्राच्या स्पष्टतेचा हिशेब सोपा आहे. १०८०पी म्हणजे चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू (पिक्सेल). भिंगाचा आडवा आवाका ९० अंशांचा धरला, तर तीन मीटरवर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर, सहा मीटर रुंदीचे दृश्य त्यात मावते आणि दर मीटरला ३२० बिंदू मिळतात. तेच अंतर दुप्पट झाले की बिंदू १६० वर येतात. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला मीटरला २५० बिंदू लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात आणि कोणी तरी आहे एवढे कळायला २५ देखील चालतात. आपल्याला आईंना पाहायचे आहे. त्यामुळे साधारण आकाराच्या खोलीत १०८०पी पुरेसा आहे. जाहिरातींतल्या टूके, म्हणजे तीन मेगापिक्सेलच्या आणि साधारणपणे २३०४ आडव्या बिंदूंच्या कॅमेऱ्याने या आकड्यात वीस टक्क्यांची भर पडते. किमतीत दोन-तीनशेचा फरक असेल तर तो जरूर घ्यावा, त्याहून अधिक मोजू नये.

खरा फरक अंधारात कळतो. रात्री हे कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून काळे-पांढरे चित्र घेतात. हा प्रकाश काचेवरून परत फिरतो. मी स्वतः पहिला कॅमेरा खिडकीच्या आतून अंगणाकडे तोंड करून ठेवला होता, आणि रात्रभराच्या चित्रीकरणात एका पांढऱ्या डागाखेरीज काही नव्हते. जवळची भिंत किंवा कपाटाची कडा चित्राच्या कोपऱ्यात आली तरी ती चमकते आणि मागची खोली काळवंडते. जुन्या घरात आणखी एक त्रास संभवतो : दिव्याच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे पाल येते, कोळी जाळे विणतो, आणि मध्यरात्री सूचनांचा पाऊस पडतो. महिन्यातून एकदा भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसायला मावशींना सांगून ठेवावे.

कॅमेरा घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, पुढील परीक्षा तो कायमचा राहणार असलेल्या जागीच घ्यावी. रात्री सगळे दिवे घालवून कोणाला तरी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नेहमीच्या वेगाने चालायला सांगावे आणि नंतर ते चित्रीकरण थांबवून चेहरा दिसतो का ते पाहावे. स्थिर चित्र सुरेख आणि चालता माणूस पुसट, असे स्वस्त कॅमेऱ्यांत पुष्कळदा आढळते, कारण साठवण वाचवण्यासाठी चित्र फार दाबलेले असते. त्यानंतर पंखा सुरू करून पडदा हलू द्यावा, देवघरात समई लावावी, आणि एका तासात किती निरर्थक सूचना येतात ते मोजावे. माणूस आणि पडदा यांतला फरक ओळखण्याची सोय कॅमेऱ्यातच आहे की तिच्यासाठी दरमहा पैसे भरावे लागतात, हेही तेव्हाच कळेल. सूचना भाराभर येऊ लागल्या की माणूस त्या बंद करून टाकतो, आणि मग कॅमेरा असून नसल्यासारखा होतो.

आपल्याकडे लाइट जाते, म्हणून सर्वांत महत्त्वाची परीक्षा मी ही मानतो : मुख्य बटण बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करावे. कॅमेरा कोणाच्याही मदतीशिवाय राउटरला जोडला जातो का आणि फिरणारा असेल तर आपण ठरवलेल्या दिशेलाच पुन्हा पाहतो का, याची खात्री करावी. तो भिंतीकडे तोंड करून थांबला तर आईंनी त्याच्याशी खटपट करावी असे होऊ नये. ३६० अंशांचा कॅमेरा एकाच वेळी चहूकडे पाहतो, असा समज जाहिरातींमुळे होतो. प्रत्यक्षात तो एका वेळी एकाच दिशेला पाहतो आणि त्याची पाठ असलेल्या बाजूला काय घडले ते त्याला कळत नाही. कॅमेऱ्याला साधारण पाच ते दहा वॉट वीज लागते. त्यामुळे लहानशा इन्व्हर्टरवर कॅमेरा आणि राउटर दोन्ही सहज चालतात, पण दोन्ही जोडावेत, कारण राउटर बंद पडला तर आपल्याला पुण्यात काहीच दिसणार नाही. या किमतीचे बहुतेक कॅमेरे वायफायच्या केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. जाड दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा तोच पट्टा अधिक चांगला पोहोचतो, त्यामुळे ही उणीव समजू नये.

कार्ड की क्लाउड, या प्रश्नावर भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते, क्लाउडवरचे चित्रीकरण मात्र राहते. परंतु आपला हेतू चोर पकडण्याचा नाही. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने सतत चित्रीकरण केले तर दिवसाला सुमारे १०.८ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डावर पाच-सहा दिवसांचे चित्रीकरण राहते, आणि आपल्याला तेवढे पुरे आहे. सतत लिहून साधी कार्डे लवकर निकामी होतात, म्हणून सततच्या चित्रीकरणासाठी बनवलेले अधिक टिकाऊ कार्ड घ्यावे. क्लाउडची वर्गणी महिन्याला शंभर रुपये असली तरी तीन वर्षांत ३,६०० रुपये होतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक. तूर्त कार्डच घ्यावे.

आता सुरक्षेविषयी, आणि इथे मी आग्रहाने लिहितो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. २०२१ मध्ये टीपी-लिंकच्या टॅपो सी२०० या लोकप्रिय आणि स्वस्त कॅमेऱ्यात अशी त्रुटी सापडली की त्याच नेटवर्कवरून पासवर्डाशिवाय त्याचा पूर्ण ताबा घेता येत असे. कंपनीने सुधारित फर्मवेअर (कॅमेरा चालवणारी आतली प्रणाली) दिले, पण ते ज्याने चढवले त्याचाच कॅमेरा सुरक्षित झाला. म्हणून स्वतंत्र आणि लांब पासवर्ड, दुहेरी पडताळणी (पासवर्डाखेरीज मोबाइलवर येणारा कोड) आणि स्वयंचलित अद्ययावतीकरण या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचित केल्या आणि त्या एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी नसलेला निनावी कॅमेरा पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाला तरी आईंच्या घरात तो नको.

आपल्या पत्रात आईंना काय वाटते याचा उल्लेख नाही. तो कॅमेरा त्यांच्या घरात, त्यांच्यावर रोखलेला असणार आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये घराच्या राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीविना कॅमेरे चालवणे हा त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तो वाद भावांमधला होता, तरी आपल्यालाही तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. आईंना मोबाइलवर त्यांचेच चित्र दाखवावे, ते कोणाकोणाला दिसेल हे सांगावे आणि भिंग झाकण्याची सोय त्यांच्या हाती द्यावी. काही कॅमेऱ्यांत भिंग आत वळवून घेण्याची सोय असते. ती असलेला कॅमेरा मिळाला तर थोडे अधिक पैसे मोजायला माझी हरकत नाही. झोपण्याची खोली आणि न्हाणीघराचे दार चित्रात येऊ देऊ नये. मावशींनाही आधी सांगावे, आणि आवाज टिपणारा माइक एरवी बंदच ठेवावा.

प्रश्न : नवा कॅमेरा घेण्याऐवजी घरातला जुना मोबाइल ॲप घालून कॅमेरा म्हणून वापरला तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन-चार दिवसांच्या प्रवासापुरता, दिवसाउजेडी, चालेल. मोबाइलमध्ये अंधारात पाहण्यासाठी अवरक्त दिवा नसतो, त्यामुळे रात्री खोलीत एक दिवा चालू ठेवावा लागेल. जुन्या मोबाइलला सुरक्षेची अद्ययावत रूपे येणे बहुधा थांबलेले असते, म्हणून त्यात आपले बँकेचे ॲप किंवा मुख्य ईमेल ठेवू नये. चोवीस तास चार्जरला लावून ठेवला तर त्याची बॅटरी तापून फुगू शकते. त्यामुळे महिनोन्महिने वापरायचा असेल तर साधा कॅमेराच घ्यावा, आणि तोवर मोबाइल वापरलाच तर तो गादी, पडदा आणि कागदांपासून दूर, फरशीवर किंवा दगडी कट्ट्यावर ठेवावा.