प्रश्न तुमचे: आरओचे मेंब्रेन सारखे चोंदतात

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमचा फळांचा गर काढायचा छोटा कारखाना आहे. पाणी बोअरचे, हार्डनेस 520. आरओ ताशी 2000 लिटर शुद्ध पाणी देतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून रिजेक्ट (क्षार घेऊन बाहेर जाणारे पाणी) ताशी 400 लिटरवर आणला. अँटीस्कॅलंट (क्षारांचा थर रोखणारे औषध) चालू असूनही मेंब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, पांढरा थर बसतो. एक विक्रेता पाइपवर चुंबक लावा म्हणतो. लावू का?

उत्तर : चुंबकाचे नंतर बघू. दुखणे त्या 400 लिटरमध्ये आहे. 2400 लिटर आत, 2000 शुद्ध होऊन बाहेर. म्हणजे जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या 400 लिटरमध्ये, सहापट दाट. शेवटच्या मेंब्रेनपाशी हार्डनेस तीन हजारांवर गेला की थर धरणारच. रिजेक्टचा व्हॉल्व्ह उघडत 1300 लिटरपर्यंत न्या, दाटपणा अडीचपटीवर येईल. दाब उतरून शुद्ध पाणी थोडे कमी मिळेल, ते सोसा. रिजेक्ट अंगण धुवायला, संडासाच्या टाकीला वापरा; बॉयलरला मात्र चुकूनही नको.

आता अँटीस्कॅलंटचे डोसिंग. पंप टिकटिक करतो म्हणजे औषध जातेच असे नाही. नळीत हवा अडकली की तो नुसताच वाजतो. सक्शनची नळी मापाच्या भांड्यात सोडा आणि तासाभरात किती ओढले ते बघा. 3300 लिटरला (2000 शुद्ध अधिक 1300 रिजेक्ट) 4 पीपीएमने, म्हणजे दहा लाख भागांना 4 भाग या हिशेबाने, ताशी साधारण 13 ग्रॅम मूळ औषध जायला हवे. टाकीत औषध संपत आले की वरून पाणी ओतून दिवस काढणारे ऑपरेटर मी पुष्कळ पाहिलेत, तेव्हा टाकी कोण भरतो तेही विचारा.

रिजेक्टकडच्या टोकाचे मेंब्रेन काढून तपासायला थोडा थर खरवडून घ्या. चष्मा-हातमोजे घालून त्या खरवडलेल्या थरावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसले तर कार्बोनेट; सायट्रिक आम्लाच्या धुण्याने निघेल. थंड राहिले तर सल्फेट किंवा सिलिका असू शकते. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरना सिलिका असतेच. तिथे आम्ल हात टेकते. पाण्याची पूर्ण तपासणी करून डोस आणि रिकव्हरी (आत आलेल्या पाण्यातले किती शुद्ध करून घ्यायचे) नव्याने ठरवावी लागते.

प्लँट बंद करताना शुद्ध पाण्याने फ्लश करा, नाहीतर ते दाट पाणी रात्रभर मेंब्रेनवर बसून राहते.

चुंबकाबद्दल : आरओ त्याच्या भरवशावर सोडावा इतका खात्रीचा पुरावा मला दिसलेला नाही. त्या पैशांत शुद्ध पाणी आणि रिजेक्ट, दोन्ही लाइनवर फ्लो मीटर बसवा.