पाणी स्वच्छ, पण गाळाचे काय?

प्रश्न : आमच्या गावाशेजारच्या औद्योगिक वसाहतीतून येणारा ओहोळ जुवारीच्या खाडीला मिळतो. ओहोटीच्या वेळी तेथील चिखलात बायका तिसऱ्या (शिंपले) काढतात. पाण्याच्या तपासणीचा अहवाल समाधानकारक असल्याचे पंचायतीत सांगण्यात आले. असे असूनही प्लास्टिकमधील रसायने गाळात साठलेली असू शकतात का?
— एक वाचक, मुरगाव तालुका

उत्तर : होय, असू शकतात. सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आम्लता, बीओडी व सीओडी (पाण्यातील घाणीच्या विघटनाला लागणाऱ्या प्राणवायूची मापे), तरंगते कण अशा गोष्टी पाहिल्या जातात. प्लास्टिकमधील रसायने सहसा पाहिली जात नाहीत. शिवाय त्यांतील बरीचशी पाण्यात टिकून राहत नाहीत, त्यामुळे पाण्याच्या अहवालावरून चिखलाविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

थॅलेट गटातील रसायने पाहा. पीव्हीसी मुळात कडक असते. वायरचे आवरण, नळ्या किंवा रेक्झिन यांसाठी ते लवचीक करताना त्यात वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंतही थॅलेट मिसळतात. ते प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेले नसल्यामुळे सांडपाण्यातून आणि उघड्यावर पडलेल्या भंगारातून हळूहळू बाहेर पडत राहते. त्यांतील डीईएचपी हे रसायन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र मातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला घट्ट चिकटते. ओहोळाचे गोडे पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळले की हे कण एकमेकांना धरून जड होतात आणि जेथे प्रवाह मंदावतो तेथे, म्हणजे खारफुटीच्या मुळांशी किंवा मानशीच्या (बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दाराच्या) आसपास, तळाला बसतात. वरचा थर बोटभर बाजूला केल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येणारा जो काळा चिखल लागतो, त्यात प्राणवायू नसतो. प्राणवायू असलेल्या ठिकाणी जिवाणू थॅलेटचे विघटन बऱ्याच वेगाने करतात. या चिखलात ते फार रेंगाळते. कडक प्लास्टिक बनवण्यासाठी वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए पाण्यात त्यामानाने अधिक विरघळते, पण प्राणवायूविना त्याचेही विघटन मंदावते.

तिसऱ्या याच चिखलात राहतात आणि पाणी गाळून अन्न मिळवतात. त्या रात्रभर पाण्यात ठेवल्याने रेती निघते. मांसात शिरलेली रसायनेही तेवढ्याने निघून जातात, असे कृपया मानू नये. डीईएचपी आणि बिस्फेनॉल-ए ही दोन्ही रसायने संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-ए ची सुसह्य दैनिक मात्रा (आयुष्यभर रोज पोटात गेली तरी अपाय होणार नाही असे मानलेले प्रमाण) शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी, खाली आणली. यावरून आपल्या तिसऱ्या अपायकारक आहेत असे मात्र सिद्ध होत नाही. ते मोजल्यावरच कळेल. मोजणी होईपर्यंत ओहोळाच्या तोंडाशी तिसऱ्या काढणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रामसभेत ठराव घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गाळाच्या आणि तिसऱ्यांच्या मांसाच्याही तपासणीची मागणी करावी. गाळाचे नमुने ओहोळाच्या तोंडाशी, वसाहतीच्या वरच्या अंगाला आणि खाडीत दूरवर अशा वेगवेगळ्या ठिकाणांचे असावेत, म्हणजे तुलना करता येईल. त्यांतील सेंद्रिय कर्बही मोजला जावा, कारण तो जेथे जास्त तेथे थॅलेट अधिक धरून ठेवले जाते. नमुना स्टीलच्या चमच्याने काढून काचेच्या बरणीत भरला जातो की नाही, याकडे गावातील कोणीतरी समक्ष लक्ष द्यावे; प्लास्टिकच्या पिशवीत भरलेल्या नमुन्यात पिशवीतीलच थॅलेट उतरू शकते.