एव्हीआर मॅन्युअलवर टाकण्याआधी

सोलापूरच्या कुठल्याही साखर कारखान्यात कोजनला, म्हणजे बगॅस जाळून वीज बनवणाऱ्या विभागात, नवीन लागला असशील, तर मेगावॅटपेक्षा मेगावारकडे, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरकडे, जास्त बघ. मेगावॅट वाफेवर ठरतात. मेगावार रोटरच्या फील्ड करंटवर. ग्रिडला जोडलेल्या मशीनचं (जनरेटरचं) एक्सायटेशन, म्हणजे हाच फील्ड करंट, वाढवलं की व्होल्टेज फारसं हलत नाही, मेगावार बाहेर जायला लागतात. नवी पोरं इथंच गोंधळतात.

खरी परीक्षा रात्री. अवकाळी पाऊस झाला की शेतीपंप बंद, लाइनी हलक्या, बसबारचं व्होल्टेज चढतं. एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर, फील्ड कमी करतो, मशीन मेगावार ओढू लागतं आणि पॉवर फॅक्टर लीडिंग होतो. अशा वेळी फील्ड फार पडू न देणाऱ्या अंडर-एक्सायटेशन लिमिटरचा अलार्म आला, तर घाबरून एव्हीआर मॅन्युअलवर टाकू नकोस बाबा! तो लिमिटरच मशीन सांभाळतोय. फील्ड आणखी पडलं तर रोटरची पकड सुटून पोल स्लिप होतो. स्टेटरची टोकं तापतात ते वेगळंच. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बघ, शिफ्ट इंजिनिअरला कळव. कॅपेबिलिटी कर्व्ह (मशीनला किती मेगावॅट-मेगावार झेपतात त्याचा आलेख) पॅनलशेजारी चिकटव, फायलीतला कुणी उघडत नाही.

पीएसएसचं, म्हणजे एव्हीआरला जोडलेल्या पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझरचं, कौतुक ऐकशील. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर 765 केव्ही लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जुळली. एवढ्या पसाऱ्यात पॉवरची 1 हर्ट्झच्या आतली संथ आंदोलनं (हेलकावे) उठतात, आणि जलद एव्हीआर त्यांचं डॅम्पिंग, म्हणजे शमणं, कमी करू शकतो. म्हणून मोठ्या युनिटांना पीएसएस लागतो. आपल्याकडे असलाच, तर त्याच्या सेटिंगला हात लावू नकोस.

मशीन ब्रशलेस असेल, म्हणजे फील्ड करंट ब्रशऐवजी रोटरसोबत फिरणाऱ्या डायोडमधून येत असेल, तर शटडाऊनमध्ये फिरते डायोड तपासून घे.