मिश्र द्राक्षांची रेड वाइन खालच्या दर्जाची असते का? मग तिन्यानेल्लो एवढी नावाजलेली कशी?

तुमच्याकडे फ्लॉरेन्सहून तिन्यानेल्लोची बाटली आलीय, तिच्यात तीन जातींची द्राक्षं आहेत आणि लेबलवर नुसतं 'तोस्काना' हे इटलीतल्या प्रांताचं नाव लिहिलंय. एका जातीच्या 'शुद्ध' वाइनपेक्षा ती खालची का धरू नये, असा तुमचा प्रश्न आहे. अजिबात धरू नका. तुमच्या हातात इटलीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या रेड वाइनपैकी एक आहे, आणि ती महत्त्वाची ठरली तीच मुळी मिश्रणामुळे.

मी नाशिकजवळच्या एका वायनरीत लॅब सांभाळतो, त्यामुळे मिश्रण कसं ठरतं ते आधी सांगतो. प्रत्येक जात वेगळ्या वेळी पिकते, वेगळ्या टाकीत आंबते, वेगळ्या पिंपात मुरते. मग एके दिवशी आम्ही सगळ्या वाइनचे नमुने आणि 100 मिलीची मोजनळी घेऊन बसतो. कॅबरने सॉव्हिन्यॉ ही काळ्या द्राक्षाची जात एकटी चाखली तर दाट रंग असतो, हिरड्या आवळणारा तुरटपणा असतो, पण घोटाच्या मध्यावर पुष्कळदा एक पोकळी जाणवते. मग 90 मिलीत 10 मिली दुसरी वाइन घालून बघायचं, मग 85 आणि 15. एवढ्या पाच मिलीच्या फरकाने कधी ती पोकळी भरून निघते, तर कधी मूळ वास पार दबून जातो. जीभ शिणली की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच प्याले लेबल न बघता पुन्हा चाखायचे. बारकाईचं काम आहे, आणि माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. ती अँतिनोरी घराण्याची. या घरातला जोव्हान्नी दि पिएरो अँतिनोरी 1385 साली फ्लॉरेन्सच्या वाइनवाल्यांच्या संघात दाखल झाला, आणि धंदा आजही त्याच कुटुंबाकडे आहे. सव्वीस पिढ्या! सध्या सूत्रं पिएरो अँतिनोरी यांच्या मुलींच्या हातात आहेत. थोरली अल्बिएरा कंपनीची अध्यक्ष आहे.

पिएरोंनी 1966 साली कारभार हाती घेतला त्या काळात कियान्तीची, म्हणजे तोस्कानातल्या पारंपरिक रेड वाइनची, पत पार घसरली होती. गवताने वेढलेली गोल बुडाची बाटली आणि आत फिकट, पातळ वाइन, अशी तिची ओळख झाली होती. याचं एक कारण नियमांतच होतं. 1967 च्या नियमांनुसार कियान्तीत सांजोवेझे या काळ्या द्राक्षासोबत किमान 10 टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं. ही रीत बॅरन बेत्तिनो रिकासोली यांच्या 1872 च्या सूत्रावरून आलेली. पण लवकर प्यायच्या वाइनमध्येच माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष घालावं, मुरवायच्या वाइनमध्ये नको, असं खुद्द रिकासोलींचं मत होतं. नियम करणाऱ्यांनी नेमकं तेवढंच सोडून दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणजे मिश्रण तेव्हाही होतंच, फक्त वाइन पातळ करणारं.

तिन्यानेल्लो हे एका मळ्याचं नाव. ग्रेव्हे आणि पेसा या नद्यांच्या खोऱ्यांमधली ती चुनखडकाची टेकडी आहे. 1970 ची वाइन कियान्ती क्लासिको (कियान्तीच्या मूळ मुलखातली वाइन) म्हणूनच निघाली, पांढऱ्या द्राक्षांसकट. 1971 पासून पिएरो आणि त्यांचे वाइनमेकर जाकोमो ताकिस यांनी कियान्ती हे नावच सोडलं. 1975 पर्यंत पांढरी द्राक्षं पूर्ण हद्दपार झाली, फ्रेंच कॅबरने आली, मोठ्या जुन्या पिंपांऐवजी ओकची लहान पिंपं आली. नियम मोडल्यामुळे ही वाइन कायद्याने साधी 'टेबल वाइन' ठरली, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. सहाशे वर्षांच्या घराण्याने आपली सर्वोत्तम वाइन त्या पायरीवर विकायची तयारी दाखवली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. 1992 च्या कायद्याने अशा वाइनसाठी निराळा वर्ग काढला. तुमच्या लेबलवरचं 'तोस्काना' त्या वर्गातलं आहे. पांढऱ्या द्राक्षांची सक्ती कालांतराने गेली आणि 2006 पासून कियान्ती क्लासिकोत ती घालायलाच बंदी आली.

1982 पासून तिन्यानेल्लोचं प्रमाण साधारण तेच आहे: 80 टक्के सांजोवेझे, बाकी कॅबरने सॉव्हिन्यॉ आणि थोडी कॅबरने फ्रां. सांजोवेझेचा आंबटपणा आणि चेरीचा वास पुढे राहतो, कॅबरने तिला अंग आणि रंग देते. हंगाम बिघडला तर वाइन काढतच नाहीत. 1984, 1992 आणि 2002 ची तिन्यानेल्लो तुम्हाला कुठेही मिळणार नाही. याच घराण्याची सोलाया बरोबर उलटी आहे, तिच्यात कॅबरने मुख्य आणि सांजोवेझे पूरक. शेजारचाच मळा, पण पिण्याचा अनुभव अगदी वेगळा.

सांजोवेझे आणि कॅबरने ही जोडी आपल्याकडेही पिकते. इटलीचे सेची बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील आणि सेखरी बंधू यांनी मिळून सोलापूर जिल्ह्यात फ्रातेल्ली ही वायनरी उभी केली आणि तोस्कानाचे पिएरो मासी यांना वाइनमेकर म्हणून आणलं. त्यांची 'सेत्ते' ही वाइन सांजोवेझे आणि कॅबरने सॉव्हिन्यॉचीच आहे. तिन्यानेल्लो उघडण्याआधी ती आणून प्या, म्हणजे या दोन जाती एकमेकींना काय देतात ते जिभेला कळेल.

बाटली आडवी आणि गारव्यात ठेवा. स्वयंपाकघरातल्या फडताळात नको. आपल्याकडच्या 'रूम टेंपरेचर'वर जाऊ नका, 16 ते 18 अंश हवं, म्हणजे उघडण्याआधी तासभर तरी फ्रिजमध्ये. पाच-सात वर्षांच्या आतली असेल तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा. सोबत मटण जरूर करा, पण तिखट हात राखून. मिरचीने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही बोचायला लागतात. टोमॅटो चालेल, सांजोवेझेचा आंबटपणा त्याला पुरून उरतो. लेबलवरचं साल कळवलंत तर आत्ता उघडावी की अजून ठेवावी तेही सांगेन.