वनस्पतींची विषारी संरक्षक रसायनं पेशीपटलापलीकडे कशी जातात? नुसत्या विसरणानेच, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप झिरपूनच ना?

नाही. आणि हे वाक्य मला एम.एस्सी.ला असताना आमच्या गाईडना ठणकावून सांगता आलं नाही, म्हणून आज इथे लिहितेय.

सर जैवसंश्लेषणवाले. कोणतं एन्झाइम कुठला रेणू घडवतं हे कळलं की झाडाचं संरक्षण कळलं, असं त्यांचं ठाम मत. वाहतुकीचा विषय काढला की म्हणायचे, "रेणू तयार झाला की तो झिरपतोच, त्यात शोधायचं काय?" मला पेन३ या वाहक प्रथिनावर काम करायचं होतं. सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी तो विषय उडवून लावला.

तरी एका सीनियरकडून मी अरॅबिडॉप्सिसचं, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात त्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचं, बियाणं मिळवलं. त्यात पेन३ला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं होतं. संध्याकाळी पानांवर सातूवरच्या भुरीचे बीजाणू झटकले. ही बुरशी अरॅबिडॉप्सिसवर वाढणारी नाही, तिचे बहुतेक प्रयत्न पेशीभित्तीपाशीच फसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पान कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. एरवी पेन३ पेशीच्या कडेकडेने पसरलेलं दिसतं. त्या सकाळी मात्र बुरशी जिथे भोक पाडायला टेकली होती, बरोबर तिथेच खाली हिरवा ठिपका एकवटला होता. शेजारच्या, बीजाणू न पडलेल्या पेशीत काही बदल नाही. मी एकेक पेशी पाहत दुपारपर्यंत जागची हलले नाही. शत्रू कुठून येतोय हे विसरणाला कसं कळणार?

चित्रं घेऊन सरांकडे गेले. "चमक म्हणजे पुरावा नव्हे," एवढंच बोलले आणि ते प्रकरण प्रबंधाच्या परिशिष्टात गेलं. पेन३ नसलेल्या झाडांत याच भुरीचा शिरकाव वाढतो, हे २००६ सालीच छापून आलं होतं. तो लेख मी सोबत नेला होता. त्यांनी उघडून पाहिला नाही.

आता तुमचा प्रश्न. पेन३ एबीसी घराण्यातलं आहे. ही प्रथिनं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून रेणू बाहेर ढकलतात, बाहेर तो आधीच जास्त असला तरी. दुसरी तऱ्हा प्रोटॉनच्या जोरावर चालते. मोहरीच्या कुळातल्या ग्लुकोसिनोलेट या संरक्षक रसायनावर ऋण भार असतो आणि साखरही जोडलेली असते, तो स्निग्ध पटलातून झिरपणं शक्यच नाही. जीटीआर१ आणि जीटीआर२ हे वाहक प्रोटॉनबरोबर त्याला पेशीत ओढून घेतात. हे दोन्ही काढलेली अरॅबिडॉप्सिसची झाडं २०१२ मध्ये तपासली गेली, तर बियांत ग्लुकोसिनोलेट जवळजवळ नाहीच! एन्झाइमं सगळी शाबूत, पानांत साठा भरपूर, आणि बी रिकामं. संश्लेषणावरच सगळं भागतं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

तंबाखूत निकोटिन मुळांत बनतं आणि वर पानांत जातं. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचं कलम केलं तर तंबाखूच्या पानांत निकोटिन जेमतेम सापडतं. पानात पोचलेलं निकोटिन रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, भरायला मेट घराण्यातले वाहक असतात, ते प्रोटॉन बाहेर सोडून त्याच्या बदल्यात निकोटिन आत घेतात. झाड स्वतःच्या विषाने मरत नाही, त्याचं एक मोठं कारण हे रिक्तिकेत कोंडणं.

सरांच्या बाजूचंही सांगायला हवं. निर्भार निकोटिन पटलातून आपोआप जातं, हे खरं आहे. रिक्तिकेच्या आम्लात त्याला प्रोटॉन चिकटतो आणि मग ते सहज परत फिरत नाही. काही माल पुटिकांतूनही, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांतूनही, बाहेर टाकला जातो. शिवाय पेन३ नसलेली झाडं अरॅबिडॉप्सिसवर वाढायला सरावलेल्या भुरीला उलट जास्तच प्रतिकार करतात, कारण त्यांच्यात सॅलिसिलिक आम्लाची संरक्षण यंत्रणा चेकाळते. तेव्हा वाहक वाढवला की रोग हटला, असं सरळ गणित मांडू नका.

पण तुम्ही यावर प्रकल्प करणार असाल, तर आधी रेणूवरचा भार बघा. भार असेल तर एन्झाइमच्या आधी वाहकाचा म्युटंट, म्हणजे तो वाहक नसलेलं झाड, मागवा. आणि गाईडने तुमचं प्रकरण परिशिष्टात ढकललं, तर सही करण्याआधी भांडा. मी भांडले नाही.