‘स्पिन’मधून ‘पिन’ कसा निघाला?

प्रश्न असा आला आहे: संस्थितीशास्त्रात (टोपॉलॉजीत, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणांच्या गणितात) ‘हायर कनेक्टेड कव्हर’ म्हणतात त्याला मराठीत ‘उच्च जोडलेले झाकण’ म्हणावं का? आणि त्यातल्या ‘स्पिन’ गटाशेजारी हा ‘पिन’ गट कुठून आला?

झाकण नको, कृपा करा. डब्याला झाकण एकच बसतं. इथे एसओ गटातल्या (म्हणजे नुसत्या फिरवण्यांच्या गटातल्या) प्रत्येक बिंदूवर स्पिनचे दोन बिंदू असतात. घरात ‘दुपदरी’ असताना झाकण कशाला हुडकायचं? (स्पिनच्या वरच्या पायऱ्यांवर, स्ट्रिंग गटापासून पुढे, पदर मोजताच येत नाहीत, तिथे नुसतं ‘पदर’ म्हणा.) ‘उच्च’ने तर आणखी घोळ होतो. वर चढताना काही वाढत नाही, उलट दर पायरीला सर्वांत खालचा शिल्लक होमोटोपी गट (ढोबळमानाने, त्या मितीतली भोकं मोजणारा) पुसला जातो आणि त्यावरचे जसेच्या तसे राहतात. ओ गटाचे (फिरवणं आणि उलटापालट दोन्ही असलेल्या) दोन तुकडे; आरशासारखी उलटापालट करणारा टाकला की एसओ. पहिला होमोटोपी गट पुसला की स्पिन, तिसरा पुसला की स्ट्रिंग, सातवा पुसला की फाइव्हब्रेन. मिती पुरेशी मोठी असेल तर मधले मुळातच शून्य.

आता पिन. ‘स्पिन म्हणजे स्पेशल पिन’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. एसओमधला एस ‘स्पेशल’चा, हे खरं. पण ‘स्पिन’ हा अख्खा शब्द आहे, सूत कातण्याच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा. जाळं विणणाऱ्या कोळ्याला ‘स्पायडर’ म्हणतात तेही त्यावरूनच. तरी कुणीतरी म्हटलं, ‘एसओ’वर स्पिन, मग ‘ओ’वर काय? एस खोडा: पिन! अतिया, बॉट आणि शापिरो या गणितज्ञांच्या १९६४ च्या लेखात हा विनोद झां-पिएर सेर यांचा असल्याची नोंद आहे. हेच ते सेर, ज्यांनी १९५२ मध्ये आंरी कार्तां यांच्यासोबत गट पुसण्याची ही रीत मांडली. त्याच वर्षी जॉर्ज व्हाइटहेड यांनीही मांडली, आणि या पायऱ्यांच्या मनोऱ्याला (‘व्हाइटहेड टॉवर’) नाव त्यांचं लागलं.

सेरनी हसत केलं ते आपल्याकडे गंभीर चेहऱ्याने झालं आहे. ‘विधवा’ शब्दात ‘वि’ उपसर्ग नाहीच. लॅटिन ‘विदुआ’, इंग्रजी ‘विडो’ ही त्याचीच भावंडं. पण कुणीतरी वि + धवा अशी फोड केली आणि नवऱ्यासाठी ‘धव’ हा शब्द हाती लागला. पाठोपाठ ‘सधवा’ आली. निरुक्तकार यास्कही ‘धव’ म्हणजे मनुष्य, त्याच्या वियोगाने विधवा, असा पर्याय देतात. यास्क मोठे, पण इथे गाडी उलटी जुंपली आहे. ‘असुर’चंही तेच. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलं आहे, तो काही शिवी म्हणून नव्हे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला ‘अहुर’ तोच. त्यातला ‘अ’ नकाराचा समजून पुढच्यांनी तो खोडला आणि ‘सुर’ जन्मले. देवांचं हे नाव असं पिनसारखंच निघालेलं आहे. ज्यांना हे पटत नाही आणि जे ‘सुर’ आधी, ‘असुर’ नंतर असं अजून शिकवतात, त्यांनी ऋग्वेदात एकटा ‘सुर’ शोधून दाखवावा.

हो, फाइव्हब्रेन राहिलंच. ‘ब्रेन’ हे ‘मेंब्रेन’चं शेपूट, तेही चुकीच्या सांध्यावर कापलेलं, लॅटिन ‘मेंब्रुम’ म्हणजे अवयव, त्यावरचं कातडं ते ‘मेंब्राना’. म्हणजे पापुद्रा. झाकणाऐवजी हा शब्द मागितला असता तर एक वेळ दिला असता.